तेलवाले विरुद्ध पाणीवाले

धायरीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी जो गोल्फ क्लब आहे, त्याचं पाटीवरचं नाव लांबलचक आहे. पण त्याला सगळे माळ क्लब म्हणतात. श्रीमंतांच्या क्लबात ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, अशा लोकांनी तो काढला. एक ओव्हरसियर, एक शाळामास्तर, दोघे-तिघे फौजेतून पेन्शनीत निघालेले आणि एक किराणा दुकानदार. गावाने त्यांना माळ दिला, कारण त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं.

आता गोल्फला गवत लागतं. सगळीकडे नसलं तरी चालतं, पण शेवटी ज्या खड्ड्यात चेंडू घालायचा, त्याच्याभोवती तरी गालिच्यासारखं गवत लागतं. माळावर प्यायचं पाणीच डोक्यावरून आणावं लागायचं, मग गवताला कुठून घालणार? तेव्हा या मंडळींनी युक्ती केली. खड्ड्याभोवती चाळलेली वाळू पसरली, तीत तेल कालवलं आणि धुम्मस मारून ती दाबून टाकली. तेल पाजलेली वाळू वाऱ्याने उडत नाही आणि पावसाने लवकर वाहत नाही. गवताच्या जागेला ग्रीन म्हणतात, म्हणून या तपकिरी जागेला सगळे ब्राऊन म्हणायला लागले.

वाळूवर पावलांचे ठसे उठतात, म्हणून चेंडू ढकलायच्या आधी ओलं पोतं ओढायचं. पोत्याला आडवी फळी आणि फळीला दोरी. चेंडूपासून खड्ड्यापर्यंत एकदाच ओढायचं. मागे जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावरून चेंडू मारायचा.

तेल यायचं स्वारगेटहून. तिथे मैनुद्दीनभाई बागवान यांचं गॅरेज होतं. गाड्यांचं काढलेलं काळं तेल ते डब्यांत साठवायचे आणि सुट्टीच्या दिवशी टेंपोतून माळावर आणायचे. बरोबर त्यांची बायको, बिलकिसभाभी, असायची. नवऱ्याला सुट्टीचा दिवस एकट्याने घालवू द्यायचा नाही, असा तिचा कायदा होता. एकदा ओव्हरसियर म्हणाले, "मैनुद्दीनभाई, एवढं तेल आणता, एक चेंडू मारून तरी बघा." त्यांनी मारला. चेंडू कुठे गेला ते कुणाला कळलं नाही, पण मैनुद्दीनभाई मात्र तिथेच राहिले.

बिलकिसभाभीनेही एकदा काठी हातात घेऊन पाहिली आणि परत केली. म्हणाली, "चांगला हातातला चेंडू लांब घालवायचा आणि मग उन्हात शोधत फिरायचं. हे तुमचं तुम्ही करा." पण पोतं तिने उचललं ते उचललंच. तिच्यासारखं पोतं ओढणारं माळावर कुणी झालं नाही. दोरी हातात घेऊन ती अशी चालायची की जणू झोपलेल्या लेकरावरून चादर ओढते आहे.

पुढे बोअर लागली, पंप आला, आणि एकेका खड्ड्याभोवती हिरवळ उगवायला लागली. तेव्हा क्लबात भांडण पेटलं. निम्मे म्हणाले, गवत आलं, आता शहाण्या माणसांसारखं खेळू. निम्मे म्हणाले, हा क्लब तेलावर उभा राहिला, तेल गेलं तर आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय? भांडण वर्षभर चाललं. लोक एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाऊन जेवायचे, पण बोलायचे नाहीत. शेवटी तोड निघाली. खड्डे, म्हणजे होल, एकंदर नऊ. त्यांतले आठ होल गवताचे करायचे आणि नववा तेलाचा ठेवायचा. दर जानेवारीत तेलवाले विरुद्ध पाणीवाले असा सामना खेळायचा. पाणीवाले जिंकले की नववाही गवताचा. तेलवाले जिंकले तर आणखी एक वर्ष तेल. बरोबरी झाली तरी पाणीवाल्यांचाच जय.

दोन्हीकडून एक-एक जोडी. जोडीतला एक चेंडू मारणार, दुसरा नवव्या होलला पोतं ओढणार. जो मारेल त्याने ओढायचं नाही. आणि सामना चालू असताना त्या चौघांखेरीज कुणी ब्राऊनवर पाय ठेवायचा नाही. एवढेच नियम. पण ते पाळण्यात माळ क्लबवाले असे कडक, की कोर्टाने येऊन शिकावं.

आजवर तेलवालेच जिंकत आले. पाणीवाले आठ होल झकास खेळायचे आणि नवव्याला वाळूत फसायचे. मैनुद्दीनभाई मारायचे, बिलकिसभाभी ओढायची, आणि ब्राऊन एक वर्ष पुढे जायचा.

मधल्या काळात एकच गोष्ट बदलली. गाड्यांचं तेल जमिनीत मुरवणं बरं नाही, हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून धायरी फाट्यावरच्या वडेवाल्याच्या कढईतलं उरलेलं तेल येऊ लागलं. आता ऊन चढलं की नवव्या होलवरून बटाटेवड्याचा वास सुटतो आणि गावातली कुत्री झेंड्याभोवती बसून राहतात.

गेल्या पावसाळ्यात बिलकिसभाभी गेली.

मैनुद्दीनभाई त्यानंतर क्लबात आले नव्हते. घरात तिची वस्तू म्हणावी तर काय उरली होती? साड्या नात्यात वाटल्या गेल्या होत्या. स्वयंपाकघर सून मेहजबीनचं झालं होतं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण माळावरची ती वाळू बिलकिसने स्वतःच्या हातांनी कालवली होती. इतकी वर्षं, दर वर्षी. ती उकरून तिथे गवत लावलं तर मग तिच्या हातचं असं काही कुठे राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. हे ते कुणाशी बोलले नाहीत. जानेवारी आला तेव्हा फक्त म्हणाले, "मेहजबीन, रविवारी मला माळावर सोडशील?"

मेहजबीन कोथरूडला शाळेत शिकवते. रविवारची तिची झोप मोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पण ती म्हणाली, "सोडते कशाला अब्बा, थांबतेच. अम्मी इतकं सांगायची, मी एकदाही बघितलं नाही."

पोत्याची गुंडाळी स्कूटरवर पुढे पायाशी ठेवून दोघं निघाली.

माळावर पोचले तर कडुनिंबाखाली सगळे जमले होते. तेलवाल्यांचे कप्तान सीताराम ओव्हाळ खुर्चीत बसून होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय समोर स्टुलावर. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि क्लबात मात्र तेलवाल्यांत राहिले, यावरून त्यांना रोज एकदा तरी बोलणी खावी लागतात.

"या, या," सीतारामराव म्हणाले. "मला वाटलं, यंदा मलाच लंगडत खेळावं लागतं की काय."

"तुम्ही खेळला असतात तर आम्ही आत्ताच गवताचं बी टाकलं असतं," पलीकडून आवाज आला. हे दिगंबर आगटे, पाणीवाल्यांचे कप्तान. दातांचे डॉक्टर. वाकडे दात तारा लावून सरळ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्वभाव असा की कुणी नमस्कार केला तरी, "कशाबद्दल?" असं विचारतील. पाणीवाल्यांकडून पोतं तेच ओढायचे. मारायला त्यांच्याबरोबर समर्थ होता, एका आयटी कंपनीत काम करणारा तरुण, अंगाने उंच आणि खेळात तयार.

सीतारामरावांनी फळ्यावर नावं लिहायला खडू घेतला. "पाणीवाले, समर्थ आणि दिगंबर. तेलवाले?"

"मी आणि बिलकिस," मैनुद्दीनभाई म्हणाले.

तोंडून गेलं ते गेलं. इतकी वर्षं हेच वाक्य याच जागी उभं राहून म्हटलेलं. जीभ आपल्या वाटेने गेली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मेहजबीनने मान खाली घातली. सीतारामरावांचा खडू हवेतच राहिला.

"बघताय काय?" दिगंबर आगटे खेकसले. "म्हणालेत ना ते? लिहा तसंच."

सीतारामरावांनी लिहिलं.

सामना सुरू झाला. पहिले आठ होल गवताचे, तिथे पोत्याचं काम नव्हतं, त्यामुळे अडचण कुणाला आठवलीच नाही. समर्थचा चेंडू घारीसारखा जायचा. मैनुद्दीनभाईंचा चेंडू जमीन धरून, दगडांना विचारत विचारत जायचा, पण पोचायचा. सुरुवातीला त्यांचा हात जड होता. मग ऊन अंगावर आलं, खांदे मोकळे झाले, आणि त्यांना कळलं की आपण शीळ घालतो आहोत. त्यांनी दचकून ती थांबवली. थोड्या वेळाने ती परत सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी ती चालू दिली.

"अंकल, तुमची स्विंग टोटली राँग आहे," समर्थ म्हणाला. "पण रिझल्ट कसा येतो तेच कळत नाही."

"बेटा, गॅरेजात आम्ही आवाज ऐकायचो. गाडी चालते ना? मग बॉनेट उघडायचं नाही."

आठ होल संपले तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. गर्दी नवव्याकडे धावली. सीतारामरावांची खुर्ची चौघांनी पालखीसारखी उचलून नेली आणि ते वरून सूचना देत राहिले.

समर्थचा चेंडू ब्राऊनवर आधी पोचला. दिगंबररावांनी पोतं भिजवून ओढलं, समर्थने अलगद ढकलला, आणि चेंडू पिठात पडल्यासारखा मधेच थांबला. दुसऱ्या ढकलीत तो आत गेला. समर्थचे पाच फटके झाले.

मैनुद्दीनभाईंचे तीन झाले होते. चेंडू ब्राऊनच्या कडेला पडला होता. इथून एका फटक्यात आत गेला तर तेलवाले जिंकले. दोन लागले तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे गवत.

त्यांनी पिशवीतून पोतं काढलं, उलगडलं, बादलीत बुडवलं आणि दोरी उजव्या बाजूला पुढे केली. दोरी घ्यायला कुणी नव्हतं.

आता सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"मी ओढते," मेहजबीन पुढे झाली.

"थांब पोरी," सीतारामराव कळवळून म्हणाले. "चौघांखेरीज कुणी पाय ठेवायचा नाही. नियम आहे."

"मग अब्बा स्वतः ओढतील."

"मारणाऱ्याने ओढायचं नाही. तोही नियम आहे."

"हे कसले नियम आहेत?"

"आम्हीच केलेत," सीतारामराव म्हणाले. "आणि करताना मीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होतो."

पाणीवाल्यांत कुजबुज सुरू झाली. न ओढलेल्या वाळूवरून, समर्थच्या बुटांच्या ठशांतून चेंडू मारायचा म्हणजे आशाच सोडायची. एक जण हळूच म्हणाला, "आता काय, गवतच." पण त्यालाही ते म्हणताना आनंद झालेला दिसला नाही.

मैनुद्दीनभाई दोरी धरून उभे होते. ब्राऊनवर पाय ठेवायची परवानगी असलेली माणसं चार. एक ते स्वतः, एक समर्थ, एक दिगंबर. चौथी फळ्यावर.

"द्या इकडे," दिगंबर आगटे म्हणाले.

"तुम्ही?"

"मग काय, कुत्री ओढणार? तिघांत मीच मोकळा आहे."

"सर, सीरियसली?" समर्थ म्हणाला. "आपण जिंकतोय!"

"त्यांची बायको नाही म्हणून जिंकायचं असेल तर घरी जाऊन कॅरम खेळ." त्यांनी दोरी हिसकावून घेतली. "आणि मैनुद्दीनभाई, पोतं आहे हे, जानवं नव्हे. पलीकडच्या माणसाला द्यायला हरकत नसते."

गर्दी हसली. हसता हसताच पाणीवाल्यांना आठवलं की आपला कप्तान आता शत्रूचं पोतं ओढणार आहे. मागून कुणीतरी गावाकडचा माणूस ओरडला, "डॉक्टर, वाकडं वढा की! आपलंच काम हाय!"

"हो, डॉक्टर, वाकडं!" सगळ्यांनी धरलं.

गंमत अशी, की मैनुद्दीनभाईंनाही वाकडंच हवं होतं. नववा ब्राऊन उजवीकडे कललेला आहे. बिलकिस डावीकडून वळण घेऊन पोतं आणायची, तव्यावरच्या भाकरीच्या कडेसारखं. त्या वळणावरून चेंडू सोडला की तो आपोआप उतरत जाऊन खड्ड्यात पडायचा. मैनुद्दीनभाईंनी फक्त सोडायचा. बाकी सगळं पट्ट्यात असायचं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "जरा डावीकडून घ्या. उतार आहे."

"चेंडू कुठे आहे?"

"हा इथे."

"खड्डा?"

"तो तिथे."

"मग डावीकडून कशाला?" दिगंबरराव वाकले, एक डोळा मिटला, खड्ड्याकडे पाहिलं. "जन्मभर मी वाकडं सरळ केलं. आता या वयात सरळ असलेलं वाकडं करू? माझ्याच्याने होणार नाही."

"अहो, पण उतार..."

"उतार तुमचा. रेघ माझी."

आणि ते निघाले. पाणीवाले "वाकडं! वाकडं!" ओरडतायत, तेलवालेही आता "वाकडं! वाकडं!" ओरडतायत, आणि मधून दिगंबर आगटे, जीभ ओठांत धरून, पाऊल पाऊल टाकत, ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ रेघ ओढत निघालेत. खड्ड्यापाशी पोचून त्यांनी मागे वळून बघितलं आणि स्वतःवर खूश होऊन मान हलवली. "हं. आता याला म्हणतात सरळ."

एकदाच ओढायचं, हाही नियम होता.

मैनुद्दीनभाई चेंडूपाशी उभे राहिले. पट्टा सुंदर होता. काचेसारखा. पण या पट्ट्यावरून रोजच्यासारखा हलका सोडला तर चेंडू उताराला लागणार, पट्ट्याच्या बाहेर उजवीकडे घरंगळत जाणार. त्यांना बिलकिसच्या पट्ट्यावर मारायची सवय होती. दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यावरून त्यांनी कधी मारलंच नव्हतं. क्षणभर वाटलं, या डॉक्टरची रेघ सोडून द्यावी, ठशांतून का होईना, तिच्या वळणाने मारावा. नजरेला ते वळण अजून दिसत होतं.

पण तिथे वाळू उकरलेली होती. आणि पट्टा इथे होता.

"मैनुद्दीनभाई," सीतारामराव खुर्चीतून म्हणाले, या वेळी हळू आवाजात. "सरळ आहे तर सरळ हाणा. उताराला विचार करायला वेळच देऊ नका."

त्यांनी श्वास घेतला आणि हाणला. इतक्या जोराने त्यांनी ब्राऊनवर आयुष्यात मारलं नव्हतं. चेंडू पट्ट्यावरून सुसाट गेला. उताराने त्याला ओढायला हात घातला तोवर तो खड्ड्याच्या मागच्या काठावर आदळला, वीतभर वर उडाला, दिगंबररावांच्या बुटांसमोर हवेत दिसला, आणि खाली आला तो आत.

पहिला ओरडला समर्थ. "आत! अंकल, आत!" मग त्याला आठवलं की आपण हरलो. पण तोवर तो मैनुद्दीनभाईंना उचलून मोकळा झाला होता. सीतारामराव स्टूल विसरून उभे राहिले, दुखलं म्हणून ओरडले आणि त्याच दमात हसले. कुत्री भुंकायला लागली. मेहजबीन टाळ्या वाजवत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकाच वेळी जमत नव्हतं म्हणून आळीपाळीने करत होती.

"डॉक्टर," पाणीवाल्यांतला एक म्हणाला, "तुमच्या सरळपणाने घात केला. जरा वाकडं ओढलं असतंत तर गवत आलं असतं."

"वाकडं ओढलं असतं तरी त्यांचा चेंडू आत गेलाच असता!" दुसरा म्हणाला. "त्यांना वाकडंच हवं होतं!"

"मग मी काय ओढायला हवं होतं?" दिगंबरराव कडाडले. यावर वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही.

मैनुद्दीनभाईंना समर्थने खाली ठेवलं. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. चेंडूची रेघ मधोमध उमटली होती. ही आपली रेघ, त्यांना वाटलं. बिलकिसने बघितली असती तर म्हणाली असती, इतका जोर होता तर इतकी वर्षं मला का वळायला लावलंत? त्यांना मोठ्याने हसू आलं. तिच्या आठवणीने हसायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. हसून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं.

हरणाऱ्यांनी त्याच दिवशी वाळूत नवं तेल कालवायचं, अशी रीत आहे; बिलकिस मात्र जिंकूनही दर वर्षी त्यांच्याबरोबर कालवायला उतरायची. पाणीवाल्यांनी विजारी गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या. वडेवाल्याकडचे डबे ओतले गेले आणि समर्थ नाक धरून वाळूत उतरला. "हा वास माझ्या अंगाला किती दिवस येईल?"

"लग्न ठरेपर्यंत," सीतारामराव म्हणाले. "त्यानंतर बायको धुऊन काढेल, नाहीतर तीही तेलवाली होईल."

सामना संपला होता, म्हणून आता कुणीही ब्राऊनवर येऊ शकत होतं. मेहजबीन चपला काढून आत आली. अम्मीच्या आणि स्वतःच्या, दोघींच्या वाटचं एकटीने कालवल्यासारखी ती कोपरापर्यंत हात घालून कालवायला लागली. वाळू दाबून झाली, सपाट झाली. मग ती म्हणाली, "अब्बा, पुढच्या वर्षी मी ओढेन. मला दाखवा ना, अम्मी कशी ओढायची."

"नियमात बसेल ना?" मैनुद्दीनभाईंनी दिगंबररावांकडे पाहिलं.

"तेलात हात बरबटलेत तिचे. आता ती दुसरीकडे कुठे बसणार? आमच्यात तरी नको," दिगंबरराव म्हणाले, आणि हात धुवायला निघून गेले.

मैनुद्दीनभाईंनी दोरी हातात घेतली. आणि तिथेच अडले. मारणाऱ्याने ओढायचं नाही. त्यांनी ते आयुष्यात एकदाही ओढलं नव्हतं. नेहमी पाठमोरी बिलकिस दिसायची. तिच्या हातांत काय चालायचं, ते कधी पाहिलंच नव्हतं.

"मला येत नाही गं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. तुझ्या अम्मीला यायचं."

"मग शिका," सीतारामराव खुर्चीतून म्हणाले. "मला काय, मला आज कुठे जायचं नाही."

त्यांनी पोतं भिजवलं आणि ओढलं. फळी एका बाजूला गेली, दोरी पायात आली, आणि मागे जी रेघ उमटली ती पाहून सीतारामराव म्हणाले, "अहो, बैल चालता चालता मुतला तरी याहून सरळ जाईल," आणि मेहजबीन तिथे आहे हे आठवून त्यांनी जीभ चावली. पण सगळ्यात मोठ्याने मेहजबीनच हसत होती.

"दोरी आखूड धरा अब्बा. मला वाटतं, आखूड."

"तुला काय माहीत?"

"काहीच नाही. पण तुम्हालाही नाही."

ते बरोबर होतं. मैनुद्दीनभाईंनी दोरी आखूड धरली, पोतं परत बादलीत बुडवलं, आणि दुसऱ्यांदा ओढायला निघाले. मेहजबीन वाकून त्यांच्या शेजारून चालत होती, फळी कुठे उचलते ते बघत.